मनःस्थितीच्या रकान्यात ‘फाइन’

आमच्या महाविद्यालयाने या सत्रापासून इंग्रजी संभाषणाच्या तासाला डिजिटल पोर्टफोलिओची जोड दिली आहे. दर आठवड्याला नेमून दिलेल्या विषयावर दोन मिनिटे इंग्रजीत बोलायचे, ते मोबाईलवर चित्रित करून रविवारी रात्री बाराच्या आत अपलोड करायचे, त्याखाली आत्मपरीक्षणाच्या चार ओळी लिहायच्या, दोन वर्गमित्रांना अभिप्राय द्यायचा आणि शेवटी पाच गोल चेहऱ्यांपैकी आपल्या मनःस्थितीला साजेसा चेहरा निवडून त्याचे कारण एका वाक्यात सांगायचे, अशी ही योजना आहे. वर्गात उभे राहिले की ज्यांचे पाय लटपटतात, त्यांना एकांतात निर्धास्तपणे बोलता यावे, हा तिचा हेतू. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एकांताबद्दल आहे.

मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. या व्यवस्थेत खोली मिळत नाही, कॉट मिळते. आणि उरलेल्या तीन कॉटांवर स्पर्धा परीक्षेचे उमेदवार असतात, जे दिवसभर अभ्यासिकेत बसून नेमके मी ‘गुड मॉर्निंग एव्हरीवन’ म्हणताच डबा खायला परततात. म्हणून मी गच्चीचा आश्रय घेतला. विषय होता ‘माझी दिनचर्या’. मी प्रसन्न मुद्रेने, आपण रोज पहाटे पाचला उठतो आणि योगासने करतो, असे इंग्रजीत सांगत असताना वाळवण उलटायला आलेल्या घरमालकीणकाकू थबकल्या आणि म्हणाल्या, “पाचला? अरे, काल साडेनऊला नळाचं पाणी गेल्यावर तोंड धुवायला माझ्याकडे बादली मागायला कोण आलं होतं?” काकूंचे हे निवेदन चित्रफितीत अत्यंत सुस्पष्ट उमटले आहे. उच्चार, ओघ आणि आत्मविश्वास या तिन्ही निकषांवर ते माझ्या भाषणापेक्षा सरस होते.

काकू खाली गेल्या तरी अडचण संपत नाही, कारण मग आपलाच आवाज ऐकावा लागतो. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडे त्याला भारदस्त खर्ज पुरवतात. ध्वनिमुद्रणात हाडांचा वाटा गळतो आणि उरतो तो एक किनरा, घाबरट तरुण, ज्याच्याशी आपली आजवर ओळख नव्हती. वर्गात चुकलेले वाक्य हवेत विरून जाते आणि पुढच्याचा क्रमांक येतो. इथे ते पुन्हा पुन्हा ऐकता येते, पुसता येते आणि नव्याने चुकता येते. एकही चूक नसलेली चित्रफीत हाती येते तेव्हा त्यातले बोलणे संपून पाठांतर झालेले असते. इतके, की मी मध्येच अडखळलो तर शेजारच्या कॉटवरचा उमेदवार पांघरुणातूनच पुढचे वाक्य पुरवतो.

इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली परकी भाषा शिकतानाची भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. आमच्या प्राध्यापिकांनी ती आम्हाला भरायला दिली. आपले नाव पुकारले जाणार म्हटल्यावर छाती धडधडते का, बोललो तर इतर हसतील असे वाटते का, असे तिचे नेमके प्रश्न आहेत. परंतु त्या सगळ्यांत वर्ग आहे, शिक्षक आहेत, हसणारे सहाध्यायी आहेत. मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून स्वतःच्याच डोळ्यांत पाहत बोलणारा विद्यार्थी त्या काळी कोणाच्या ध्यानीमनी असणे शक्य नव्हते. त्यामुळे प्रश्नावलीनुसार माझी भीती कमी झाली आहे. ती वर्गातून निघून सदाशिव पेठेत राहायला आली, याची नोंद करायला तीत जागा नाही.

सहाध्यायी आता हसत नाहीत, हे मात्र खरे. सगळे एकमेकांना ‘नाइस कॉन्फिडन्स, कीप इट अप’ असेच लिहितात, कारण आज आपण कोणाचे क्रियापद काढले तर पुढच्या रविवारी तो आपले काढणार, हे प्रत्येकाला कळते. काकू बोलल्या त्या चित्रफितीलाही मला हाच अभिप्राय मिळाला. तो कोणासाठी होता, हे मी विचारले नाही.

राहता राहिले चेहरे. रडका चेहरा निवडला की कारण लिहावे लागते, तेही इंग्रजीत, आणि त्या वाक्याच्या व्याकरणालाही गुण आहेत. घरची आठवण, मेसचे थकलेले पैसे, बहिणीचे दुखणे यांच्या वाक्यांतले काळ सांभाळण्यापेक्षा हसरा चेहरा दाबून ‘आय ॲम फाइन’ लिहिणे केव्हाही सुरक्षित. पानाच्या तळाशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला आहे. २०२२ साली सुरू झालेल्या या सेवेत मराठीतही बोलता येते. म्हणजे दुःख गंभीर असेल तर मातृभाषा चालते, किरकोळ असेल तर इंग्रजी सक्तीचे.

सत्रभर अखंड ‘फाइन’ असलेला विद्यार्थी संशयास्पद वाटल्याने समुपदेशक मॅडमनी मला बोलावून घेतले. त्यांनी आधी पाणी दिले आणि मग मराठीतच विचारपूस केली. मी पाठ न करता, डाळीच्या डब्याशिवाय, बराच वेळ बोलत राहिलो. घरापासून काकूंच्या बादलीपर्यंत सारे सांगितले. मॅडमनी मनापासून ऐकले, दोनदा हसल्या आणि निघताना म्हणाल्या, “किती छान बोलतोस रे! हेच सगळं इंग्रजीत रेकॉर्ड करून रविवारपर्यंत टाक. फक्त दोन मिनिटांत बसव.”