काल यायला हवं होतंस

फिश नावाच्या अमेरिकन बँडच्या नादी लागलेल्या मराठी माणसाला दोन खुलासे जन्मभर करावे लागतात. पहिला, हा खाण्याचा विषय नाही. आमच्या आईला बरेच दिवस वाटत होतं की पोरगं सुट्टीच्या दिवशी विमानाने मासे खायला जातं. दुसरा, एकदा ऐकलेला बँड पुन्हा ऐकायला परत पैसे का मोजायचे. पहिला खुलासा लोकांना पटतो.

दुसऱ्यासाठी थोडं बसवून सांगावं लागतं. हा जॅम बँड. गाणं ठरलेलं असतं, पण ते कुठून कुठे जाईल आणि कधी संपेल हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. चार मिनिटांचं गाणं पंचविसाव्या मिनिटाला भलत्याच गावी पोचलेलं असतं आणि कोणालाही परतायची घाई नसते. गाण्यांची यादी रोज वेगळी. १९८३ साली व्हर्माँट विद्यापीठात या प्रकरणाची सुरुवात झाली. गिटारवर ट्रे अ‍ॅनास्टासिओ, बेसवर माइक गॉर्डन, कीबोर्डवर थोडा उशिरा आलेला पेज मॅककॉनेल, आणि ड्रमवर जॉन फिशमन. हा फिशमन गोल गोल नक्षीचा बायकी झगा घालून वाजवतो, आणि लहर लागली तर पुढे येऊन व्हॅक्यूम क्लीनर तोंडाला लावतो व त्यातून सूर काढतो. हे मी सासऱ्यांना लग्नाआधी सांगितलं नव्हतं.

तर रोजची रात्र वेगळी, म्हणजे प्रत्येक रात्र एकदाच होणार. आणि ती झाली तेव्हा तुम्ही बहुतेक कपडे धूत असणार. त्यामुळे या पंथात ‘नमस्कार’च्या जागी एक वाक्य वापरतात : काल यायला हवं होतंस.

मी अमेरिकेत आलो तो वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल उजाडताच संगणक घोटाळा करतील या भीतीच्या, लाटेवर, १९९८च्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. न्यू जर्सीतल्या एका हापिसात जुने कोबॉल प्रोग्रॅम उघडून दोन आकडी सालं चार आकडी करायचं काम होतं. शेजारच्या क्युबिकलमध्ये एक दाढीवाला बसायचा. त्याने पहिल्या दिवशी हात मिळवला, नाव विचारलं, कधी उतरलास विचारलं, आणि उत्तर ऐकून हळहळत म्हणाला, ‘अरेरे. एक आठवडा आधी यायला हवं होतंस.’ मला वाटलं, पगाराची काहीतरी भानगड आहे. तसं नव्हतं. २ ते ५ एप्रिलला फिशने लाँग आयलंडच्या नॅसो कॉलिसियममध्ये दोन आणि प्रॉव्हिडन्सला दोन असे चार कार्यक्रम केले होते. त्या चार रात्रींचं नाव निघालं की जाणकार अजून गप्प होतात. मी तेव्हा व्हिसाचा शिक्का मारलेला पासपोर्ट उशाखाली घेऊन अंधेरीत झोपलो होतो. बँडचं नावही ऐकलेलं नव्हतं, तरी पहिली हुकलेली मैफल खात्यावर जमा झाली.

दाढीवाल्याने मला त्याच उन्हाळ्यात बाटवलं. पार्किंगच्या मैदानात डिकी उघडून लोक चीज सँडविच भाजत होते, रंगीत बनियनं विकत होते, आणि बोट वर करून एकेकजण उभा होता : कोणीतरी एक तिकीट फुकट देईल या आशेवर. आत एक गाणं सुरू झालं. मी घड्याळ पाहिलं नाही, पण ते संपेपर्यंत माझा ‘हे काय चाललंय’ चेहरा जाऊन ‘हे संपू नये’ चेहरा आला होता. हे असंच होतं, त्याला इलाज नाही.

आता व्हेगस. त्या काळी ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला कार्यक्रम असला की हा बँड दुसऱ्या कोणाचा तरी अख्खा अल्बम वाजवायचा. इतर लोक चेहऱ्याला सोंग लावतात, हे संगीताला लावतात. १९९८चा हॅलोविन शनिवारी होता, लास व्हेगसला. आम्ही दोघं गेलो. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा एक अल्बम त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला आणि मी धन्य झालो. रविवारी सकाळी दाढीवाला म्हणाला, ‘उद्या युटात आहे. गाडीने सहा तास. चल.’ मी म्हणालो, सोमवारी हापिस आहे. सोमवारी खुर्चीत दिसलो नाही तर व्हिसा आपोआप फाटतो अशी तेव्हा माझी ठाम समजूत होती. शिवाय मोठा कार्यक्रम तर झालाच होता. असाच विचार करून बरेच भक्त घरी गेले.

सोमवारी, २ नोव्हेंबरला, सॉल्ट लेक सिटीजवळच्या त्या अर्ध्यामुर्ध्या रिकाम्या सभागृहात, कुठलीही घोषणा न करता, फिशने पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अख्खाच्या अख्खा वाजवला.

त्या वेळी मी न्यू जर्सीत एका विमा पॉलिसीच्या मुदत संपण्याच्या तारखेला ‘१९’ चिकटवत होतो.

दाढीवाला बुधवारी परत आला. काही बोलला नाही. कॉफी आणली, माझ्या टेबलावर ठेवली, खांद्यावर हात ठेवला आणि गेला. घरात कोणी गेल्यावर लोक असं वागतात.

रेकॉर्डिंग मात्र मिळालं. ही या बँडची थोरवी : तुम्ही खुशाल ध्वनिमुद्रण करा, वाटा, फक्त विकू नका. सभागृहात टेप करणाऱ्यांची वेगळी जागा असते, तिथे उंच दांड्यांवर मायक्रोफोनचं रान उगवलेलं असतं. त्यांच्या शेजारी शिंकायची सोय नाही. शिंक पिढ्यानपिढ्या टिकते. त्या काळी एखाद्या अनोळखी माणसाला कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं, की तो बिचारा घरी बसून कॉपी करून धाडायचा. युटाची मॅक्सेल कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली. पहिले सूर ओळखीचे वाटू लागतात तिथे मायक्रोफोनच्या अगदी जवळून कोणीतरी ओरडतं : ‘शक्यच नाही!’ तो दाढीवाला आहे. मी कुठेही ओळखीन तो आवाज. पिंक फ्लॉइड ऐकायला बसलो की मला अजून आधी तोच ऐकू येतो.

पुढच्या वर्षीची गोष्ट याहून क्रूर आहे. १९९९चा शेवटचा दिवस. फ्लोरिडाच्या दलदलीत, बिग सायप्रस या सेमिनोल आदिवासींच्या राखीव प्रदेशात, फिशने असं जाहीर केलं की मध्यरात्री सुरू करू आणि सूर्य उगवला की थांबू. मध्ये विश्रांती नाही. सुमारे पंचाहत्तर-ऐंशी हजार माणसं गेली. आणि अमेरिकेतला कोण एकच प्राणी त्या रात्री जागचा हलू शकत नव्हता? ज्याला खास ती रात्र सांभाळण्यासाठीच समुद्रापलीकडून आणला होता तो.

आम्ही सर्व्हर रूममध्ये. थंडगार पिझ्झा, हातात यादी, भिंतीवर टीव्ही. टीव्हीवर जगभरच्या शहरांचं फटाकेदर्शन चालू होतं आणि अचानक फ्लोरिडा दिसलं. फिश! गाणं संपलं आणि तो अफाट जमाव टाळ्या वाजवायच्या ऐवजी एका सुरात ओरडला, ‘चीजकेक! चीजकेक!’ बँडनेच त्यांना तसं शिकवून ठेवलं होतं, टीव्हीवाल्यांची गंमत करायला. आमचा मॅनेजर म्हणाला, ‘हे लोक काय म्हणताहेत?’ मी म्हणालो, ‘चीजकेक.’ तो म्हणाला, ‘का?’ आता याला काय सांगू?

बारा तोवर वाजून गेले होते. दिवे गेले नाहीत. विमानं पडली नाहीत. आमच्या एकाही पॉलिसीधारकाचं वय उणे झालं नाही. एक प्रिंटर अडकला, पण तो दोन वर्षांपासून अडकत होता. तरीही ‘सकाळपर्यंत थांबा’ असा हुकूम होता, म्हणून थांबलो. तिकडे जवळजवळ साडेसात तास अखंड वाजलं. इकडे तितकाच वेळ मी हिरव्या दिव्यांकडे पाहत बसलो. सूर्य दोघांचाही एकाच सुमारास उगवला.

मग २००४. बँडने जाहीर केलं की आता पुरे. शेवटचा मेळावा १४-१५ ऑगस्टला, व्हर्माँटमध्ये, कॅनडाच्या सीमेजवळ, कॉव्हेंट्री गावाच्या माळावर. माझं नुकतंच लग्न झालं होतं. ‘शेवटचं आहे,’ मी बायकोला म्हणालो. ‘नक्की?’ ती म्हणाली. ‘नक्की.’ तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली, डोंबिवलीहून आणलेल्या नव्या कोल्हापुरी घातल्या, आणि आम्ही निघालो.

आठवडाभराच्या पावसाने माळाचा चिखल झाला होता. हायवेवर गाड्यांची जी रांग लागली ती सरकेचना. रात्र गेली. पुढच्या गाडीतल्या पोरांना आम्ही दशम्या दिल्या, त्यांनी आम्हाला गिटार ऐकवली. सौदा त्यांच्या फायद्याचा झाला. सकाळी मेळाव्याच्या रेडिओवर खुद्द माइक गॉर्डनचा आवाज आला : आता एकही गाडी आत घेता येणार नाही, कृपया परत जा. काही परतले. पुष्कळांनी रस्त्याच्या कडेला गाड्या सोडल्या आणि पाठीवर सामान टाकून मैलोन् मैल चालायला सुरुवात केली. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पण आधी उतरली ती तीच. ‘इतक्या लांब येऊन चटणी खाऊन परत जायचं का?’ म्हणाली.

दरवाज्याजवळ तिची डावी चप्पल चिखलाने घेतली. खाली वाकून कोपरापर्यंत हात घातला, मिळाली नाही. आसपास दुसरेही बरेच हात चिखलात होते; एकाला एक बूट मिळाला, तो त्याचा नव्हता. मग बायकोने उजवीही काढून तिथेच ठेवली. ‘जोडी राहू दे,’ म्हणाली.

कार्यक्रमाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. पेजला गाताना रडू कोसळलं, त्याच्यासोबत हजारो दाढ्या रडल्या, आणि रडताना सूर कोणाचा लागतो? थंडी, ओले कपडे, आणि गुडघ्यापर्यंत व्हर्माँट.

पण गंमत पुढे आहे. दाढीवाला पोचलाच नव्हता! रेडिओ ऐकून शहाण्यासारखा परत फिरला होता. सोमवारी त्याचा फोन आला. ‘कसं झालं?’ त्याचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. माझं नाक वाहत होतं, पायाला फोड होते, बायको शेजारी बादलीत पाय बुडवून बसली होती. मी एक दीर्घ श्वास घेतला आणि इतकी वर्षं साठवलेलं वाक्य सोडलं :

‘काय सांगू तुला. यायला हवं होतंस रे.’

पलीकडे बराच वेळ शांतता. आयुष्यात थोडे क्षण असे निर्भेळ मिळतात.

२००९च्या मार्चमध्ये, व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला, फिश परत आला. ‘शेवटचं म्हणाला होतास,’ बायको म्हणाली. मी तिला आपल्या नाटकांच्या जाहिरातींतल्या ‘शेवटच्या काही प्रयोगां’ची आठवण करून दिली. तिने मला चपलेची.

२०१७च्या उन्हाळ्यात त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री मांडल्या. एक गाणं दुसऱ्यांदा नाही. दर रात्रीला एक डोनट नेमलेला, गाणी त्या डोनटला शोभतील अशी, आणि लवकर येणाऱ्यांना तो डोनट फुकट. घरापासून ट्रेनने तासाभरावर! आता कोण अडवतो? रविवारी जाऊन आलो. मंगळवारचं तिकीट खिशात होतं. आणि पुण्याहून मावशी आणि काका आले.

पाहुणे भारतातून आले की नायगारा दाखवावा लागतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला ही अट व्हिसाच्या कागदपत्रांत लिहून देतात असं माझं मत आहे. सोमवारी गेलो. मंगळवारी दुपारी निघालो तर वेळेत पोचणार होतो, पण काकांना धबधबा दुसऱ्या बाजूनेही बघायचा होता. निळे रेनकोट घालून दुसऱ्यांदा बोटीत बसलो. परतताना स्क्रँटनच्या अलीकडे अंधार पडला होता, तेव्हा बायको फोनमध्ये बघून म्हणाली, ‘तुझा दाढीवाला विचारतोय, कुठल्या रांगेत आहेस?’

त्या रात्रीचा डोनट होता जॅम भरलेला. बँडने शब्दाला जागायचं ठरवलं. पेज एरवी एक गोडगोड गाणं तीन-चार मिनिटांत गाऊन संपवतो. तेच त्या रात्री जवळजवळ अर्धा तास चाललं. मागच्या सीटवर काका घोरत होते. मी स्टिअरिंगला धरून बसलो होतो, एवढंच.

बुधवारचं तिकीट होतं ते मात्र मी कोणालाही मागू दिलं नाही. मावशी म्हणाली, मीही येते. मावशी निवृत्त शिक्षिका; सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं शेवटचा तंबोरा उतरेपर्यंत बसणारी बाई. फिशमनला बघून तिने विचारलं, ‘हा बुवा आहे ना? मग गाऊन घालून का बसलाय?’ मग नाक वर करून, ‘इथे डास फार आहेत का रे? कोणीतरी पाला जाळतंय.’ गाणं लांबलं तशी ती गप्प झाली. मांडीवर बोटं चालू होती. ‘हात चांगला आहे,’ शेवटी म्हणाली. ‘पण समेवर यायचा विचार आहे का यांचा?’ आणि नेमकं तेव्हा चौघं एकदम परत आले. मावशीने ‘आहाहा’ केलं, ते पुढच्या तीन रांगांनी वळून पाहिलं.

मध्यंतरात शेजारचा पोरगा माझ्याकडे वळला. डोळ्यांत ती ओळखीची भूक. ‘काल होतास?’

‘होतो,’ मी म्हणालो.

त्याने माझा दंड धरला. ‘ते अर्ध्या तासाचं?’

सकाळपासून रेकॉर्डिंग ऐकत होतो, त्यामुळे अडचण नव्हती. ‘दहाव्या मिनिटाला वाटलं परततील,’ मी म्हणालो. ‘नाही परतले.’

‘अरे, काल तर आपण त्या धबधब्यावर होतो ना?’ मावशी मराठीत म्हणाली.

‘काय म्हणाल्या त्या?’

‘म्हणते, काल आम्ही सगळे चिंब भिजलो.’

त्याने मावशीकडे असं पाहिलं की आता पायांना हात लावतो. मग आपल्या पिठीसाखरेच्या डोनटचा अर्धा तुकडा तोडून तिच्या तळहातावर ठेवला. मावशीने तो शांतपणे खाल्ला, रुमालाने ओठ पुसले आणि मला म्हणाली, ‘आता पुढचं कधी?’

‘शुक्रवारी. पण शुक्रवारी तुमचं डॅलसचं विमान आहे.’

‘शुक्रवारी डोनट कुठला?’

‘ते त्या दिवशीच कळतं.’

दिवे मंदावले. पोरगा उठून ओरडायला लागला. मावशीने पर्स मांडीवर घट्ट धरली.

‘काका जातील एकटे,’ ती म्हणाली. ‘माझी तारीख बदलून मिळते का बघ.’