सुट्टीत एक अख्खं पुस्तक

मे महिना आला की आमच्या शाळकरी मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर हमखास फिरतो. अमेरिकेतल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना कादंबऱ्या वाचायला लावतात आणि आपली पोरं रील्स बघत लोळतात, असा त्याचा एकूण सूर. मग कुणीतरी मला विचारतं, ‘काय रे, खरं का हे?’ याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नाही.

खरं आहे. इथे न्यू जर्सीत शाळा जूनच्या उत्तरार्धात संपते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या आसपास उघडते. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. सुट्टी लागताना बऱ्याच शाळांमध्ये इंग्रजीचे शिक्षक पुस्तकांची यादी देतात. साध्या वर्गाला एखादं पुस्तक, ऑनर्स म्हणजे वरच्या पातळीच्या वर्गाला दोन, आणि एपी लिटरेचर हा कॉलेजच्या तोडीचा विषय घेतला असेल तर आणखीही. त्यासोबत एक वही ठेवायची. पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे पुस्तकातलं वाक्य उतरवायचं आणि उजवीकडे त्यावर आपल्याला काय वाटलं ते लिहायचं. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात चाचणी किंवा निबंध.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात ऑगस्टचा शेवटचा आठवडा उजाडल्याशिवाय पुस्तक बहुतेक घरांत उघडत नाही. ग्रंथालयात तेव्हा त्या पुस्तकाला रांग लागलेली असते. वही भरायची तर दर वीस पानांवरचं एक वाक्य उचललं की डावी बाजू भागते, उजवीकडे ‘यातून पात्राचा एकटेपणा दिसतो’ असं काहीही चालतं. ही लबाडी मोबाईलच्या पिढीची म्हणाल तर तसंही नाही. क्लिफ्सनोट्स ही सारांशांची पुस्तकं नेब्रास्कातून निघायला लागली ती 1958 मध्ये; म्हणजे आजच्या मुलांच्या आजोबांनीही ती चाळली असणार. पुढे स्पार्कनोट्स ही सारांशांची वेबसाईट आली आणि 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी. आता कितीतरी शिक्षक घरी लिहिलेला निबंध घेतच नाहीत, वर्गात समोर बसवून हाताने लिहून घेतात.

विरोधही जुना आहे. 2005 साली विस्कॉन्सिन राज्यात एक विद्यार्थी आणि त्याचे वडील सुट्टीतल्या गृहपाठाविरुद्ध थेट कोर्टात गेले होते. गृहपाठ गणिताचा होता आणि खटला फेटाळला गेला, पण सुट्टीवर शाळेचा हक्क किती, हा त्यांचा सवाल मला तरी अगदीच वेडगळ वाटत नाही.

आणि एवढं सगळं करून मुलं वाचायला लागली का? अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक पाहणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारतात की तुम्ही आवडीने, जवळजवळ रोज वाचता का. 2012 मध्ये 27 टक्के मुलं ‘हो’ म्हणाली होती, 2023 मध्ये 14 टक्के. तेव्हा इथली पोरंही रील्सच बघतात. तो मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

तरीही ही पद्धत मी मोडीत काढणार नाही. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पंधरा वर्षांच्या मुलाने एक अख्खं पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकट्याने वाचावं. इथले शिक्षकही हल्ली उताऱ्यांचं प्रस्थ वाढल्याची तक्रार करतात, पण ती अपेक्षा अजून कुणी सोडून दिलेली नाही.

आपल्याकडे ती अपेक्षा आहे का? गेली काही वर्षं मी लांबून महाराष्ट्रातले वाद वाचतोय. 2020 मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा आला. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, त्यावर रान पेटलं आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या वादात मी मराठीच्याच बाजूचा होतो. पण कुठली भाषा कितवीपासून, यावर इतकी शाई आणि घसा खर्ची पडला, आणि त्या भाषेतलं एक तरी सबंध पुस्तक मुलगा शाळा सोडेपर्यंत वाचतो का, हे विचारताना मला कुणी दिसलं नाही. कुमारभारतीत धडे असतात, कविता असतात, स्थूलवाचनही असतं. पण सगळं चार-सहा पानांत आटपणारं. बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत कादंबरीला वेगळा विभाग आहे, त्यातही उतारेच. सीबीएसईने मध्यंतरी काही वर्षं अख्खी पुस्तकं लावून पाहिली आणि पुन्हा काढून टाकली. कृतिपत्रिका सोडवायला धडा पुरतो; धडा जड गेला तर गाईड आहेच.

उतारा दुसऱ्याने निवडलेला असतो आणि त्याच्याखाली प्रश्न तयार असतात. कादंबरीत तसं नसतं. मधली चाळीस पानं कंटाळवाणी जातात ती सोसावी लागतात, कोण कुणाचा कोण हे डोक्यात ठेवावं लागतं, आणि सुरुवातीला आवडलेला माणूस दोनशेव्या पानावर नकोसा होतो. हे वयाच्या पंधराव्या वर्षी एकदा तरी व्हायला हवं. मराठीत झालं तर उत्तमच.

म्हणून इथून न्यायचंच असेल तर चाचणी आणि वही नेऊ नका. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रँझन या वाचनाच्या अभ्यासकांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांतल्या लहान मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तकं दिली, मुलांनी स्वतः निवडलेली. परीक्षा नाही, निबंध नाही. तरी त्यांचं वाचन पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे गेलं. मुलं प्राथमिक शाळेतली होती हे खरं, पण निवड मुलाची असावी हे नववीलाही लागू पडावं. ग्रामीण कथा घेऊ दे, नाहीतर भुताची रहस्यकथा. जूनमध्ये शिक्षकांनी त्यावर नुसत्या गप्पा माराव्यात.

आता अडचणी. एका वर्गात साठ मुलं आणि शिक्षकाच्या मानेवर निवडणुकीची कामं. गप्पा कधी मारणार? त्याहून मोठी अडचण म्हणजे नववीनंतरची सुट्टी उरलीय कुठे? दहावीचे क्लास एप्रिलातच सुरू होतात. (इथले मराठी आई-बाप काही वेगळे नाहीत. त्यांची मुलं जुलैत एसएटीच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या क्लासला.) क्लास दोन आठवडे बंद ठेवा, असं सांगायची हिंमत कुठल्याही पक्षात नाही, म्हणून तिकडे मी जात नाही.

पुस्तकं मिळण्याची सोय मात्र करता येईल. आमच्या इथलं सार्वजनिक ग्रंथालय घरपट्टीच्या पैशांतून चालतं, कार्ड फुकट मिळतं. महाराष्ट्रात 1967 पासून ग्रंथालय कायदा आहे आणि दहा हजारांहून जास्त शासनमान्य ग्रंथालयं आहेत, गावोगावी. पण अनामत आणि वर्गणी आडवी येते, आणि कितीतरी ठिकाणी दार सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ उघडतं. अनुदान वाढवून द्या, ही ग्रंथालयांची मागणी रास्तच आहे. तिच्याच जोडीला सरकारने अट घालावी: नववी-दहावीच्या मुलांना वर्गणी माफ, आणि मे महिन्यात ग्रंथालय दुपारीही उघडं.