शिल्पाच्या वहीत भावना नकोत, किलो लिहा

शिल्पाचा प्रकल्प संपला की शिल्पकला शिकणाऱ्या मुलांना दोन पानी मनोगत लिहून द्यावं लागतं. 'मातीशी संवाद साधता साधता मी मलाच सापडलो' अशा धर्तीचं. वाचायला बरं वाटतं, पण त्याच्या जोरावर पुढच्या वर्षीच्या मुलाला एक खिळासुद्धा ठोकता येणार नाही. मनोगतात आधी किती माती, कुठली तार, काय कोसळलं आणि का, एवढं यावं. भावनांना उरलेली जागा पुरते.

साधं डोकं घ्या, माणसाच्या मापाचं. वहीत आतल्या सांगाड्याबद्दल असं हवं: १८ मिमी प्लाय, १८ इंच चौरस, खाली दोन लाकडी पट्ट्या. पट्ट्या नसल्या तर ओलाव्याने प्लाय वाकतो आणि उचलताना बोटं खाली जात नाहीत. मधोमध एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप. त्याची फ्लँज, म्हणजे तळाची चकती, स्क्रूने नाही, नटबोल्टने आवळलेली, कारण वर २०-२५ किलो माती चढणार आहे आणि ओल्या प्लायमध्ये स्क्रू धरत नाही. पाइप टाळूच्या दोन इंच खाली थांबवायचा. पाइप उंच राहिला की डोकं थोडं लहान करायचं ठरताच तो कवटीतून बाहेर येतो. आत बाइंडिंग वायरने लाकडाच्या फुल्या लोंबत्या बांधायच्या. याच फुल्या मातीला धरून ठेवतात. हनुवटी आणि मागची कवटी रात्रीत खाली सरकते ती बहुतेक वेळा फुली नाही म्हणून. दोष मात्र मातीला मिळतो!

मातीची परीक्षा एका मिनिटाची आहे. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. चिरली तर पाणी कमी आहे किंवा वाळू जास्त आहे.

गोव्यात पावसाळ्याचा हिशेबच वेगळा. एप्रिलमध्ये पंख्याखाली कान-नाक आधी सुकतात, तिथे ओलं फडकं आणि वर प्लास्टिक लागतं. जुलैत तेच फडकं पाणी गाळत राहतं आणि डोकं मऊ पडून बसतं. तेव्हा फडकं घट्ट पिळायचं किंवा नुसतं प्लास्टिक घालायचं. प्लास्टरची पिशवी तोंड उघडं ठेवून जमिनीवर ठेवली की ती हवेतली ओल पिते. मग गुठळ्या होतात, जमण्याच्या वेळेचा भरवसा राहत नाही आणि साचा खडूसारखा तुटतो. वहीत पिशवी उघडल्याची तारीख असली तर निम्मी रड मिटेल.

खरी गंमत वेस्ट मोल्डमध्ये, म्हणजे एकदाच वापरून फोडायच्या प्लास्टरच्या साच्यात आहे आणि मनोगतात त्याच्या वाट्याला हमखास एक ओळ येते. आधी टाळूवरून कानांमागून पितळी पत्र्याचे तुकडे खोचून साच्याचे दोन भाग पाडायचे. घमेल्यात पाणी आधी, प्लास्टर नंतर. एक लिटर पाण्याला साधारण दीड किलो, हाताने भुरभुरत. मिनिटभर भिजू द्यायचं आणि मग तळातून ढवळायचं. घाईने फेटलं की बुडबुडे येतात आणि तेच पुढे गालावर पुटकुळ्या होऊन बसतात. पहिला थर नीळ घातलेल्या प्लास्टरचा, जेमतेम पाच मिमी. त्यावर मातीचं पातळ पाणी, मग पांढरा जाड थर, काथ्या घालून. साचा उघडून माती काढली की आतून साबणाचे तीन हात आणि वर तेलाचा पुसट हात. मग साचा जोडून आत प्लास्टर ओतायचं आणि ते घट्ट झालं की बोथट छिन्नीने पांढरा थर फोडायचा. निळं दिसलं की हात आवरायचा, शिल्प पाच मिमीवर आहे. कानाच्या वळणात साबण पोचला नसेल तर कान साच्याबरोबर निघतो. हे कुणी लिहीत नाही. निदान 'डावा कान गेला, साबण राहिला' एवढं तरी लिहा.

भट्टीबद्दल एकच समजूत खोडायची आहे. काम फुटतं ते आतल्या हवेमुळे नाही, राहिलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून. सुकलेलं काम गालाला लावून पाहा, गार लागलं तर भट्टीत घालू नका. भिंत सगळीकडे सारख्याच जाडीची, दोनेक सेंटीमीटर. भट्टीत जाणाऱ्या कामाच्या आत लोखंड अजिबात नको, कारण माती आकसते आणि लोखंड आकसत नाही.

सांगाडा शिकायचा असेल तर दिवाळीआधी गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर, म्हणजे वस्तीत, नरकासुराचे पुतळे बांधणाऱ्या पोरांजवळ तासभर उभं राहावं. उगारलेल्या हाताचा भार कुठे उतरवायचा हे त्यांना तोंडपाठ असतं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेला आबे फारियाचा, म्हणजे संमोहनविद्येसाठी ओळखल्या जाणाऱ्या गोवेकर पाद्र्याचा पुतळा आहे. फारियाचे पुढे आलेले हात आणि मागे झुकलेली बाई पाहिली की पहिला प्रश्न तोच येतो: हे सगळं मातीत असताना कशावर उभं होतं? मूर्तीच्या चित्रशाळांतही श्रावणात हेच चाललेलं असतं. मुद्रेला हात घालण्याआधी बैठक.

म्हणून गुण देणाऱ्यांनी माती चढण्याआधीच्या सांगाड्याचा फोटो मागावा आणि निदान चौथा हिस्सा गुण त्यावर ठेवावेत. नंतर तो कुणालाच दिसत नाही.

आणि वहीत पेन्सिलनेच लिहा. ओल्या बोटांनी शाई फुटते.