दोन पात्यांचा पंखा

गेल्या मे महिन्यात आमच्या दादरच्या घरात नवा पंखा लागला आणि दोन दिवस दोनच पात्यांनिशी छताला लटकत राहिला. दोष पंख्याचा नव्हता आणि तो लावणाऱ्या वायरमनचाही नव्हता. गोरखपूरकडचा तो तरुण स्टुलावर उभा राहून दुसरे पाते आवळत होता, घामाने निथळत होता, आणि तेवढ्यात बायकोने चहा आणून ठेवला. आतिथ्याच्या भरात मी म्हणालो, "अरे, बस, बस!" त्याने तत्काळ पाना खिशात घातला आणि तो खाली उतरून हात पुसत उभा राहिला. तो उभाच राहिला हे पाहून मी आग्रह वाढवला, "बस ना!" त्यावर तो जरा दुखावलेल्या स्वरात उत्तरला, "कर तो दिया बस, साहब." मग उभ्यानेच चहा संपवून तो पुढच्या कामाला निघून गेला. तिसऱ्या पात्याकडे माझे लक्ष गेले तेव्हा तो कधीच जिना उतरला होता आणि पाते मात्र, ज्या सोफ्यावर मी त्याला बसवू पाहत होतो त्याच सोफ्यावर, ऐसपैस बसलेले होते. फोन केला तेव्हा कळले की आता परवाच जमेल.

पंख्याअभावी झोप येईना, म्हणून त्या रात्री मी या दोन अक्षरांची कुळकथा शोधली. माझे 'बस' संस्कृतातल्या 'उपविश्'ची झीज होत होत मराठीत आलेले; त्याचे 'बस' फारसीतून आलेले, आणि त्याचा अर्थ 'पुरे'. हे फारसी 'बस' मराठीतही शिरले आहे, परंतु बोलताना आपण त्याला बहुधा एक काना देऊन 'बास' करून टाकतो, आणि तो काना हिंदी माणसाच्या गावीही नसतो. रस्त्यावरून धावते ती बस तिसऱ्याच घराण्यातली. लॅटिनमध्ये 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. त्यातले 'सर्व' लोकांनी वापरून वापरून गाळून टाकले आणि उरला तो निव्वळ विभक्तीचा प्रत्यय. ज्यांनी शाळेत 'स, ला, ना, ते' घोकले आहे त्यांना यातली गंमत निराळी सांगायला नको. म्हणजे १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली मोटारबस धावली, तेव्हा आपले पूर्वज चतुर्थीच्या अनेकवचनात बसून गेले, आणि मी सकाळी थांब्यावर उभ्याउभ्या जिची वाट पाहत बसतो, तोही एक प्रत्ययच. (मराठीत उभे राहूनही वाट पाहत बसता येते, हे परभाषकाला समजावण्याचा नाद मी सोडला आहे.)

खरे तर आपण या क्रियापदाला फार राबवले आहे. आपल्याकडे गणपती बसतात, मुले दहावीला बसतात, घसा बसतो, फटका बसतो, विश्वास मात्र बसत नाही, आणि महिनाअखेरीस हिशेबही बसत नाही. जुन्या मित्राचा "शनिवारी बसू या का?" असा निरोप येतो, तेव्हा त्यात खुर्च्यांचा काहीही संबंध नसतो, हे मला ठाऊक असते आणि दुर्दैवाने बायकोलाही ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी ही हकिकत मी शेजारच्या गुजराती काकांना ऐकवली. त्यांचे बालपण नैरोबीत गेले आहे. ते खूश होऊन म्हणाले, "अरे भाई, आमच्या स्वाहिलीमंदी गाडी पण 'बासी' आणि पुरे पण 'बासी'!" ते खरेच आहे: एक 'बासी' अरबी-फारसीच्या वाटेने आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला आणि दुसरा इंग्रजीच्या. माझ्या बायकोने मात्र तो शब्द हिंदी समजून, त्यांनी पुढे केलेली खांडवी हळूच परत सरकवली. काकूंचा चेहरा उतरला, आणि ती आज सकाळचीच आहे हे शपथेवर सांगण्यात त्यांची पाच मिनिटे गेली.

शारजात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याची गोष्ट याहून महाग पडली. बोली अरबीत 'बस' म्हणजे 'पुरे' किंवा 'फक्त' तर होतेच, पण 'पण' असाही अर्थ होतो. त्याच्या अरब साहेबाने वार्षिक भेटीत इंग्रजीतून त्याच्या कामाची स्तुती केली आणि शेवटी "बस..." म्हणून क्षणभर श्वास घेतला. भाच्याला वाटले, भेट संपली. तो उठला, आभार मानून बाहेर पडला, आणि त्या 'पण'नंतरचा सगळा मजकूर त्याला पुढे लेखी मिळाला. फ्रेंचांचे मला कौतुक वाटते. ते 'बास' लिहितात, 'बा' म्हणतात आणि त्याचा अर्थ 'खालचा' किंवा 'पायमोजा' असा घेतात, त्यामुळे निदान पंखा अडत नाही. तुर्की भाषेत 'बास' ही मराठीसारखीच आज्ञा आहे, पण तिचा अर्थ 'दाब' किंवा 'पाय ठेव'. संध्याकाळी सहाच्या बसमध्ये चढताना मला हाच अर्थ सर्वांत पटतो.

एवढ्या अभ्यासानंतर माझ्या ध्यानात आले की हा घोटाळा फक्त अरेतुरेत होतो. पोस्टमनला, डॉक्टरांना, बायकोच्या मावशीला मी 'बसा' म्हणतो आणि ती सगळी माणसे बिनतक्रार बसतात. त्या तरुणाला मी अहोजाहो केले असते तर तिसरे पाते त्याच दिवशी छताला लागले असते. म्हणून तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी आधी काम पुरते होऊ दिले, तिन्ही पाती मोजली, बटण दाबून पंखा फिरतो की नाही ते पाहिले, आणि मग सोफ्याकडे हात करून अदबीने म्हणालो, "बसा."

तो हसला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "हाँ साहब, इधर ही बसा हूँ, साकीनाके में. दस साल हो गए."