फ्राक्टुर नाझींनी घडवला नाही, संपवला

दुसऱ्या महायुद्धातली पोस्टरं शेअर करताना एक दावा हमखास केला जातो: टोकदार, तुटक वळणांचा फ्राक्टुर हा टाइप नाझींनी घडवला, तो त्यांचा लाडका होता, शेवटपर्यंत त्यांनी तोच चालवला, म्हणून आज तो वापरणारा माणूस त्याच विचारांचा.

पहिली गोष्ट, घडवल्याची. 1513 मध्ये आउग्सबुर्गचा मुद्रक योहान श्योन्सपेर्गर याने सम्राट माक्सिमिलियन पहिला याच्यासाठी एक प्रार्थनापुस्तक छापलं. फ्राक्टुरची सुरुवात तिथे धरतात. त्याच्या एका प्रतीच्या समासांत चित्रकार ड्यूररने चित्रंही काढली आहेत. पुढची चारशे वर्षं जर्मन घराघरातली पुस्तकं याच घराण्यातल्या अक्षरांत छापली गेली. समाजवादी लोकशाहीवाद्यांचं ‘फोरव्हेर्ट्स’ हे वृत्तपत्रही याच अक्षरांत निघायचं; ते 1933 मध्ये नाझींनीच बंद पाडलं.

लाडका होता, हेही अर्धसत्य. सत्तेवर आल्यावर त्यांनी ‘जर्मन अक्षरां’चा डंका पिटला, 1937 मध्ये ज्यू प्रकाशकांना ती वापरायला बंदीही घातली. पण त्या काळच्या पोस्टरांवर आणि स्टेशनांच्या पाट्यांवर दिसतो तो बहुतेकदा ‘टानेनबेर्ग’सारखा नवा टाइप. फ्राक्टुरच्या मोठ्या अक्षरांना हत्तीच्या सोंडेसारखा बाक असतो. टानेनबेर्गमध्ये तो छाटून सगळं ताठ, काटकोनी केलेलं आहे. दोन्ही नमुने शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. खुद्द हिटलरने 1934 च्या न्युरेम्बर्गच्या भाषणात जुन्या गॉथिक (फ्राक्टुर ज्यातला एक, त्या मोठ्या कुळातल्या) वळणांचं वेड असणाऱ्यांना फटकारलं होतं.

‘शेवटपर्यंत’ तर साफ खोटं. 3 जानेवारी 1941 रोजी नाझी पक्षातला बडा नेता मार्टिन बोरमान याच्या सहीने परिपत्रक निघालं: तथाकथित गॉथिक अक्षरं म्हणजे श्वाबाख गावची ज्यू अक्षरं, यापुढे रोमन (इंग्रजीत नेहमी दिसतं ते) वळणच वापरायचं. परिपत्रकाच्या डोक्यावरचं पक्षाचं नाव मात्र त्याच बंदी घातलेल्या वळणात छापलेलं होतं. ज्यूंनी ही अक्षरं आणली या म्हणण्याला काडीचा आधार नाही. चार वर्षांपूर्वी ज्यूंना जी वापरायला मनाई केली, तीच आता ज्यूंची ठरली! खरी अडचण व्यवहाराची होती: जिंकलेल्या देशांतल्या लोकांना ती वाचता येईनात. त्याच वर्षी शाळांतून जुनं जर्मन हस्ताक्षरही हद्दपार झालं. त्यानंतर शिकलेल्या मुलांना आजी-आजोबांची पत्रं वाचणं अवघड होऊन बसलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त चटका लावते ती ही गोष्ट, आणि नेमकी तीच त्या दाव्यात नसते.

राहिला आजचा वापर. नवनाझी ही अक्षरं जॅकेटवर आणि अंगावर मिरवतात, हे खरं आहे. संदर्भ पाहून सावध राहावंच. पण ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं नाव याच मोठ्या कुळातल्या अक्षरांत आहे, आणि ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’ या जर्मन दैनिकाने काही मथळे 2007 पर्यंत फ्राक्टुरमध्ये दिले. जर्मनीतल्या खानावळींच्या पाट्यांवर, बिअरच्या लेबलांवर ती आजही दिसतात. एवढ्या सगळ्यांवर एक शिक्का मारायचा, तर ज्या राजवटीने या अक्षरांना आधी वापरून मग हाकललं, तिलाच त्यांची मालकी बहाल करावी लागते. मला ते मान्य नाही.