पाणबुड्या व्हायचंय? आधी खाणीत अर्ज करा

तुम्हाला पाण्याखाली उतरायची हौस आहे आणि जन्म मात्र सोव्हिएत संघात झालाय? काही बिघडलं नाही. फक्त दुकानात जाऊ नका. दुकानात जाऊन वस्तू मागणं हा भांडवलशाही संस्कार. इथे गरज आधी योजनेत नोंदवतात, मग वस्तू यथावकाश येते. तोवर श्वास रोखून धरा, तेवढाच सराव.

सुरुवात सोन्यापासून करा. 1854 च्या वादळात क्रिमियात बालाक्लाव्हाजवळ ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून गाजलेलं ‘प्रिन्स’ हे ब्रिटिश जहाज बुडालं होतं आणि त्यात सोनं असल्याची वदंता होती. ती थेट गुप्त पोलिसांना पटली आणि 1923 मध्ये ‘एप्रोन’ नावाचं खातं जन्माला आलं. खास यंत्र बांधलं, पाणबुडे उतरले, सोनं नाही. पुढे एका जपानी कंपनीला बोलावलं. तिच्या हाती जेमतेम काही नाणी लागली. खासगी धंदा असता तर इथेच शटर ओढलं असतं. पण सरकारी खातं एकदा उघडलं की त्याला बुडायला बंदी! एप्रोनने इतरांची बुडालेली जहाजं वर काढायला घेतली आणि, उपरोध क्षणभर बाजूला ठेवतो, त्यात ते लोक खरोखर अव्वल ठरले. 1928 मध्ये त्यांनी फिनलंडच्या आखातातून एल-55 ही ब्रिटिश पाणबुडी वर काढली.

तेव्हा तुम्हीही त्या पाणबुड्यांसारखाच पोशाख मागा: शिरस्त्राण तीन बोल्टनी आवळायचा. तो चढवायला एकटे जाऊ नका, चार धट्टेकट्टे मित्र न्या. रबरी पोशाखाची गळपट्टी चौघे चार बाजूंनी ताणून धरतात आणि मधल्या भोकातून तुम्ही पायांपासून आत घसरता, उशीच्या अभ्र्यात उशी कोंबावी तसे. मग खांद्यांवर धातूचा पट्टा, त्यावर तांब्याचं शिरस्त्राण, आणि गळपट्टी दोहोंच्या मध्ये दाबून बोल्ट आवळायचे. पायात शिशाच्या तळव्यांचे जोडे, एकेक सुमारे 10 किलो. एकूण ओझं 80 किलोच्या आसपास, म्हणजे दुसरा एक पाणबुड्या अंगावर घेतल्यासारखंच. योजनेची पूर्तता टनात मोजायची झाली तर शिशाच्या जोड्यांसारखा माल नाही. शिवाय हा पोशाख दशकानुदशकं जवळपास तसाच राहिला. मॉडेल बदललं की आराखडा बदलावा लागतो, आणि आराखडा बदलायचा म्हणजे मॉस्कोत सह्या गोळा करायच्या. त्यापेक्षा समुद्र बदलणं सोपं.

पण तुम्हाला ओझं नको, माशासारखं पोहायचंय. फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी 1943 मध्येच अ‍ॅक्वालंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतल्या हवेवर पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण, तयार केलं होतं, आणि पन्नासच्या दशकात ते आपल्याकडेही पोचलं. आता बनवणार कोण? खाण-बचावाचा कारखाना! ‘उक्राइना’ हे उपकरण लुहान्स्कमधल्या खाण-बचाव साहित्याच्या कारखान्यातलं. नंतरचं ‘एव्हीएम-5’ ओरेखोवो-झुयेवोच्या ‘रेस्पिरातोर’मधलं, जो मुळात वैमानिकांच्या प्राणवायूची सोय बघतो. पोलंडमध्ये ‘कायमान’ रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारा भाग) तार्नोव्स्के गुरी इथल्या खाणकामगारांच्या दिव्यांच्या कारखान्यातला. पूर्व जर्मनीत लाइपझिगचा वैद्यकीय उपकरणांचा कारखाना. तर्क बिनतोड आहे: श्वास कोंडणारे लोक सारखेच, ते कोळशाच्या धुरात असोत की पाण्यात. तुम्ही फक्त रांगेत खाणकामगार, वैमानिक आणि रुग्ण यांच्या मागे उभे राहा.

रांग पुढे सरकेना तर दोन उपाय. पहिला, ‘दोसाफ’च्या क्लबात भरती व्हा. हे लष्करपूरक संघटनेचं खातं, त्यामुळे तुमची हौस आपोआप देशाच्या संरक्षणात मोडेल. दुसरा उपाय म्हणजे घरीच बनवा. टाकाऊ अग्निशामकाची नळकांडी, विमानातून निवृत्त झालेल्या प्राणवायूच्या टाक्या आणि ओळखीचा एक लेथवाला. वशिल्याची टाकी सगळ्यात जास्त हवा धरते. ‘स्पोर्त्समेन-पोदवोदनिक’ या रशियन नियतकालिकातही घरगुती बनावटीची चित्रं छापून यायची. सरकारने हे काम तुमच्यावर सोपवलंय हे त्याहून स्वच्छ शब्दांत कोण सांगणार?

पूर्व जर्मनीत मात्र एक पथ्य पाळा. बाल्टिक समुद्राच्या पलीकडे डेन्मार्क आहे. त्यामुळे हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या माणसाकडेही तिथले सीमारक्षक संशयाने बघतात, मग पाण्याखालच्याला तर विचारूच नका.

बेर्न्ट ब्योट्गर या पूर्व जर्मन माणसाने पळून जाण्यासाठी हे पथ्य मोडलं. पहिल्या प्रयत्नात ते पकडले गेले. मग त्यांनी सायकलला लावतात तसं छोटं इंजिन घेतलं, पाण्यात चालेल असं करून घेतलं, पेट्रोल भरलं आणि 8 सप्टेंबर 1968 च्या रात्री ग्राल-म्युरित्सच्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरले. इंजिनाला धरून पाच-सहा तासांत त्यांनी सुमारे 25 किलोमीटर कापले आणि गेडसरच्या डॅनिश दीपनौकेला, म्हणजे समुद्रात नांगरलेल्या दीपस्तंभ-जहाजाला, गाठलं. पुढे पश्चिमेकडच्या ‘इलो’ कारखान्याने त्यांच्याच कल्पनेवरून ‘अ‍ॅक्वा-स्कूटर’ बाजारात आणलं. तेव्हा पाण्याखालच्या वाहनांच्या क्षेत्रात पूर्व जर्मनीत तयार होऊन जगभर विकली गेलेली वस्तू दाखवायचीच झाली तर ही दाखवा. लाइपझिगच्या योजनेत तिचा रकाना नव्हता. निर्यात परवानाही नव्हता. ती निर्यात मालकाने स्वतःच, रात्रीची, पोहत केली.