‘दर पाडा, काम तुमचं’ : हा सल्ला मानू नका

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक संदेश सारखा फिरतोय : ‘विकसनशील देशांतलं गिऱ्हाईक फक्त भाव बघतं. सॉफ्टवेअरला पैसे मोजायची तिथे सवयच नाही. दर पाडा, डेमो दाखवा, काम तुमचं.’ धंद्यात नव्याने उतरलेली मुलं यावर विसंबून हात पोळून घेतात. मला ते बघवत नाही, म्हणून लिहितोय.

आधी ‘पैसे मोजत नाहीत’ हे घेऊ. केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झालं. साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवायचे आणि त्याचं शुल्क भरायचं. बेताची कमाई असलेली माणसंही ते भरत आली, कारण पैसे गावी पोचत होते आणि तिथल्या एजंटाकडे रोख हातात पडत होती. उपयोग दिसला की पैसे निघतात.

दर पाडण्याचं म्हणाल, तर ऑस्लो विद्यापीठातून चालणारं आरोग्य-माहितीचं डीएचआयएस-२ हे सॉफ्टवेअर फुकटच आहे. तरीही ते वापरणाऱ्या देशांना सर्व्हर, प्रशिक्षण, देखभाल यांचा खर्च चुकत नाही. तुम्ही दर पाडता तेव्हा कात्री नेमकी प्रशिक्षणाला आणि देखभालीला लागते. एकदा फसलेलं गिऱ्हाईक भावाआधी विचारतं, ‘बसवून गेल्यावर फोन कोण उचलणार?’

सगळ्यात घातक सल्ला डेमोचा. समजा, नेपाळमधल्या लेखापालासमोर तुम्ही बसलात. तिथलं आर्थिक वर्ष श्रावणात, म्हणजे जुलैच्या मध्याला सुरू होतं. विक्रम संवताचे महिने २९ ते ३२ दिवसांचे, आणि एकाच महिन्याचे दिवसही दरवर्षी सारखे नसतात. तो म्हणतो, ‘आषाढअखेरचा ताळेबंद काढून दाखवा.’ तुमच्या पडद्यावर जानेवारी ते डिसेंबर. तारखेच्या चौकटीत आषाढ सापडत नाही, तुम्ही माउस फिरवत राहता आणि तो आपली वही पुढे ओढून पुन्हा हाताने लिहू लागतो. आता दर निम्मा केलात तरी काय उपयोग? इथिओपियात तर वर्षाला १३ महिने, शेवटचा अवघा ५-६ दिवसांचा. तिथे १२ रकान्यांचा अहवाल नेलात, तर तेराव्या महिन्याच्या नोंदी कुठे टाकायच्या, हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहील.

म्हणून डेमोआधी गिऱ्हाइकाकडून गेल्या वर्षाची एक वही मागून घ्या. नावं, रकमा झाकून दिली तरी चालेल. ती त्यांच्याच महिन्यांत, त्यांच्याच रकान्यांत भरा आणि पहिल्या भेटीत तीच उघडून दाखवा. दराचं बोलणं त्यानंतर.